मात्रेला अक्षर न मानणाऱ्या भाषा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘मदन’ या स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यावर, ‘यात फक्त अक्षरं आहेत का’ हे सांगणारं इझअल्फा फंक्शन चालवा, उत्तर ट्रू येतं. ‘मोहन’वर चालवा, फॉल्स येतं. ‘कमल’ चालतं, ‘सीता’ चालत नाही. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘नावात फक्त अक्षरं हवीत’ ही अट कुणी या फंक्शनवर सोपवली, तर ज्यांच्या नावात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा जोडाक्षर यांपैकी काहीच नाही तेवढीच माणसं आत जातील. बाकी सगळ्यांना ‘कृपया वैध नाव भरा’.

याचं मूळ युनिकोडच्या वर्गवारीत आहे. युनिकोड हे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक. त्या क्रमांकाला कोडपॉइंट म्हणतात, आणि युनिकोड प्रत्येक कोडपॉइंटला एक वर्ग देतो. ‘म’, ‘ह’, ‘न’ हे एल वर्गात, म्हणजे अक्षरांत मोडतात. ‘ा’, ‘ि’, ‘ी’, ‘ो’ ही जागा घेणारी चिन्हं म्हणून एम-सी वर्गात, तर ‘ु’, ‘ू’, ‘े’, ‘ं’ आणि हलंत ही जागा न घेणारी चिन्हं म्हणून एम-एन वर्गात. ही वर्गवारी चुकीची नाही. चूक ती वापरणाऱ्यांची आहे: एल म्हणजे अक्षर आणि बाकीचं काही अक्षर नाही, असं धरून लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, लिहिल्या गेल्या. रोमन लिपीत हे बहुतेक वेळा खपून जातं. देवनागरीत दुसऱ्याच अक्षराला अडतं.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की भाषा निवडताना तिची स्ट्रिंग कशी बांधली आहे हे टाइप सिस्टीम आणि वेगाइतक्याच गांभीर्याने पाहायला हवं. मराठी मजकूर हाताळायचा असेल तर ते आधी पाहावं. कोणत्या भाषेने ‘अक्षर’ या कल्पनेचं काय केलं आहे, त्यावरून पुढे किती ठिकाणी डेटा बिघडेल याचा अंदाज बांधता येतो.

पायथनचंच पुढे पाहू. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात, ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरतात. पायथनचं मूळ आर-ई मॉड्यूल इथे इझअल्फासारखाच निकष लावतं. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दातले ‘शब्द’ शोधायला सांगितले तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. हा दोष पायथनच्या बग-नोंदवहीत २०११ मध्येच नोंदवला गेला आहे. त्याचा परिणाम कुठवर जातो पाहा: सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीतला काउंटव्हेक्टरायझर शब्द मोजायला मुळात हाच नमुना वापरतो, तोही किमान दोन अक्षरांचा. म्हणजे ‘मराठी’चं होतं ‘मर’, आणि एकटा पडलेला ‘ठ’ गळून जातो. मराठी बातम्यांचं वर्गीकरण, अभिप्रायांचं विश्लेषण असे प्रकल्प या अवस्थेत चालू शकतात. एरर येत नाही, अचूकतेचा आकडाही अगदी वाईट दिसत नाही, कारण ‘मर’सारख्या तुकड्यांतूनही थोडी माहिती उरते. मॉडेल मात्र मराठी शिकलेलंच नसतं.

गंमत नाही, पण लक्षात घ्यावी अशी विसंगती: हीच पायथन भाषा ‘मराठी’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनतक्रार स्वीकारते, कारण नावांसाठीचा नियम वेगळ्या यादीवरून घेतला आहे आणि त्या यादीत मात्रा आहेत. एकाच भाषेत दोन ठिकाणी दोन उत्तरं.

उपाय अवघड नाही. पायथनमध्ये रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज पिप या साधनाने बसवून घ्या. त्यात बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रांसह पूर्ण शब्द पकडतं, आणि बॅकस्लॅश-मोठा-एक्स लिहिलं की एकेक दृश्य अक्षर मिळतं. काउंटव्हेक्टरायझरला टोकनचा, म्हणजे मजकुराच्या एकेका तुकड्याचा, नमुना स्वतः द्या, किंवा तुकडे पाडणारा टोकनायझर म्हणून या पॅकेजवर बांधलेलं फंक्शन द्या. जावास्क्रिप्ट आणि गो यांत बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त इंग्रजीपुरतं आहे, तिथे एल आणि एम हे दोन्ही युनिकोड वर्ग चौकोनी कंसात एकत्र लिहावे लागतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी नमुन्याला यू किंवा व्ही हा फ्लॅग हवाच. युनिकोडमध्ये ‘अल्फाबेटिक’ नावाचा एक गुणधर्म आहे आणि त्यात मात्रा येतात, पण हलंत आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) येत नाहीत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. एम वर्ग जोडावाच लागतो. जावामध्ये युनिकोड-कॅरॅक्टर-क्लास हा फ्लॅग लावला की काम होतं. रस्टचं रेजेक्स क्रेट (रस्टमध्ये पॅकेजला क्रेट म्हणतात) मुळातच बरोबर वागतं. जावास्क्रिप्ट आणि गोमध्ये जोडक आणि विलगक ही अक्षरं जोडणारी आणि सुटी ठेवणारी दोन अदृश्य चिन्हंही परवानगीच्या यादीत टाका, त्याचं कारण पुढे येईल.

लांबी किती?

‘ज्ञानेश्वर’ या शब्दाची लांबी किती? यूटीएफ-८ या मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत ३० बाइट, कारण देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट तिथे ३ बाइट घेतो. कोडपॉइंट १०. आणि वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं चार: ज्ञा, ने, श्व, र. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. डिस्कवर किती जागा लागेल हा एक प्रश्न, युनिकोडचे किती घटक आहेत हा दुसरा, आणि माणसाला किती अक्षरं दिसतात हा तिसरा.

गो आणि रस्टमध्ये लेन विचारलं की ३० मिळतात. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट १० सांगतात. स्विफ्ट आणि इलिक्सिर दृश्य अक्षरं मोजतात. पीएचपीत तिन्ही प्रश्नांना तीन फंक्शन आहेत: एसटीआर-लेन, एमबी-एसटीआर-लेन आणि ग्राफीम-एसटीआर-लेन. पीएचपीच्या नावांची सुसंगती हा वेगळा विषय आहे, पण प्रश्न वेगळे तर नावं वेगळी हे तत्त्व तिथे, भले योगायोगाने असेल, पाळलं गेलं आहे.

जावा आणि जावास्क्रिप्टचा १० आणि पायथनचा १० एकच नाही. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्या १६ बिटांत मावतील असा समज होता. विंडोज एनटी, जावा, जावास्क्रिप्ट हे सगळं त्या समजावर उभं राहिलं. १९९६ मध्ये युनिकोड २.० ने मर्यादा ओलांडली आणि वरच्या कोडपॉइंटसाठी १६ बिटांच्या जोड्या वापरायची सोय केली. तेव्हापासून या भाषांत ‘लेंग्थ’ म्हणजे कोडपॉइंटही नाहीत आणि दृश्य अक्षरंही नाहीत, तर १६ बिटांचे तुकडे आहेत. देवनागरी जुन्या मर्यादेच्या आत बसते म्हणून आपल्याला फरक दिसत नाही. मोडी लिपी मात्र २०१४ मध्ये, युनिकोड ७.० मध्ये आली आणि ती त्या मर्यादेच्या वर आहे. जावास्क्रिप्टमध्ये मोडीच्या एका अक्षराची लेंग्थ २ भरते. मोडी कागदपत्रांच्या डिजिटायझेशनवर काम करणाऱ्यांनी कॅरॅक्टर-ॲटने अक्षर उचललं की अर्धा तुकडा हातात येतो, तो यामुळे. पायथनने २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत हा घोळ संपवला. तिथे स्ट्रिंगमधल्या सर्वांत मोठ्या कोडपॉइंटनुसार प्रत्येकाला १, २ किंवा ४ बाइट दिले जातात.

दृश्य अक्षरांचं मोजमाप हे शेवटचं उत्तर आहे असंही नाही. दृश्य अक्षराला युनिकोड ग्राफीम क्लस्टर म्हणतो, आणि त्याचे नियम युनिकोडच्या आवृत्तीसोबत बदलतात. जुन्या नियमात हलंत मागच्या व्यंजनाला चिकटायचा आणि तिथेच तुकडा पडायचा, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’चे ज्, ञा, ने, श्, व, र असे सहा भाग व्हायचे. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षरांसाठी नियम आला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांत जोडाक्षर अखंड राहू लागलं. रस्टच्या अधिकृत पुस्तकात ‘नमस्ते’चे चार ग्राफीम दाखवले आहेत, नव्या नियमाने ते तीन होतात. तेव्हा ही संख्या डेटाबेसमध्ये साठवू नका, दोन वेगळ्या यंत्रांवर मोजून एकमेकींशी ताडून पाहू नका, आणि पासवर्डची किमान लांबी तिच्यावर ठरवू नका. ती पडद्यावर दाखवण्याच्या क्षणी मोजायची संख्या आहे. ‘१०० पैकी ४० अक्षरं उरली’ असं सांगायला ती योग्य आहे.

बॅकस्पेसचंही तसंच. ‘की’ लिहिताना वेलांटी चुकली तर बॅकस्पेसने फक्त वेलांटी पुसली जावी, ‘क’ राहावा, हीच मराठी टाइप करणाऱ्याची अपेक्षा असते. बाणाच्या कळीने मात्र पूर्ण अक्षर ओलांडलं जावं. स्वतःचा टेक्स्ट एडिटर किंवा कीबोर्ड लिहिणारे पुष्कळदा दोन्हींना एकच नियम लावतात आणि मग एका चुकीसाठी आख्खं ‘स्त्री’ पुन्हा टाइप करावं लागतं.

कुणाचं डिझाइन मला पटतं? रस्टचं, सर्वांत जास्त. रस्ट स्ट्रिंगला अंकाने इंडेक्स करूच देत नाही. बाइटच्या मर्यादेने तुकडा मागितला आणि ती मर्यादा कोडपॉइंटच्या मध्ये पडली, तर प्रोग्रॅम जागीच पॅनिक होतो, म्हणजे एरर देऊन थांबतो. ‘मराठी’चे पहिले ४ बाइट मागा, लगेच कळेल. नवख्याला हे जाचक वाटतं. पण गोमध्ये तोच तुकडा मुकाट्याने मिळतो, फाइलमध्ये जातो, आणि वाचणाऱ्याला शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. मराठीसाठी आरडाओरडा करणारी भाषा बरी. रस्टची उणीव एवढीच की ग्राफीम मोजायची सोय मूळ लायब्ररीत नाही, युनिकोड-सेगमेंटेशन हे क्रेट घ्यावं लागतं. ते न घेता चार्स-काउंट वापरून काम झालं असं समजणारे बरेच आहेत.

स्विफ्टने सर्वांत धाडसी निर्णय घेतला: कॅरॅक्टर म्हणजे ग्राफीम क्लस्टर. दोन स्ट्रिंग समान आहेत का हे ती युनिकोडच्या समतुल्यतेने ठरवते, बाइट जुळवून नव्हे. वाचणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करणारी ही भाषा आहे. त्याची किंमत अशी की काउंट काढायला पूर्ण स्ट्रिंग चालून जावी लागते, आणि लूपच्या प्रत्येक फेरीत काउंट विचारणारा कोड मोठ्या मजकुरावर अडखळतो.

गोबद्दल माझी तक्रार दुसरी आहे. गोचे रॉब पाइक आणि केन थॉम्पसन हेच १९९२ मधल्या यूटीएफ-८चे जनक. तरीही गोमध्ये ‘मराठी’ हे व्हेरिएबलचं नाव चालत नाही, कारण नावात फक्त एल वर्गातली अक्षरं आणि अंक चालतात. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हे मोकळेपणाने लिहिलं आहे: जोडचिन्हं मुद्दाम वगळली आहेत आणि त्यामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर राहतात. शिवाय पॅकेजबाहेर दिसायचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि आपल्याकडे कॅपिटल नाही. व्हेरिएबलना मराठी नावं द्यावीत असा माझा आग्रह नाही. पण शाळेत प्रोग्रॅमिंग शिकवताना पहिले काही आठवडे ‘बेरीज’, ‘संख्या’ अशी नावं वापरता येणं मोलाचं असतं. पायथनमध्ये ते होतं, रस्टमध्ये २०२१ च्या १.५३ पासून होतं, गोमध्ये होत नाही.

तुटणारी नावं आणि महाग संदेश

लांबीचा गोंधळ सर्वांत जास्त डेटाबेसमध्ये भोवतो. ओरॅकलमध्ये व्हारकॅर-टू ५० असा कॉलम केला तर ती मर्यादा मुळात बाइटमध्ये धरली जाते. ५० बाइट म्हणजे देवनागरीचे १६ कोडपॉइंट. ‘ज्ञानेश्वर कृष्णराव’ एवढंच लिहिलं तरी ३० अधिक १ अधिक २४, म्हणजे ५५ बाइट होतात. आडनावापर्यंत पोचायच्या आधीच ओआरए-१२८९९ ही एरर. कॉलम जाहीर करतानाच ५० पुढे कॅर लिहा. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये मर्यादा कोडपॉइंटमध्ये असते, तिथे हा त्रास नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एन-व्हारकॅर हवा, आणि क्वेरीत थेट मजकूर लिहिताना अवतरणापुढे मोठा एन हवा. तो विसरला की कॉलम बरोबर असूनही आत ‘?????’ जातं. ही प्रश्नचिन्हं परत मराठी होत नाहीत. मूळ बाइट गेलेले असतात.

मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ नावाचं कॅरॅक्टर सेट प्रत्यक्षात ३ बाइटपर्यंतच जातं. देवनागरी त्यात बरोबर मावते, म्हणून मराठीची चाचणी उत्तीर्ण होते आणि सगळे निर्धास्त होतात. मग कुणीतरी अभिप्रायात इमोजी टाकतो आणि एरर १३६६ येते. मोडीचंही तेच होईल. यूटीएफ८एमबी४ वापरा, ८.० पासून तेच मुळात लागू आहे, पण जुने टेबल आपोआप बदलत नाहीत. टेबल बदलताना कनेक्शनचं कॅरॅक्टर सेटही बदला, नाहीतर अर्धंच काम होतं.

एसएमएसचं गणित तर पैशांचंच आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट. इंग्रजी ७ बिटांत बसते म्हणून १६० अक्षरं, मराठी इथे यूटीएफ-१६ या १६ बिटांच्या पद्धतीत जाते आणि तिला प्रत्येकी २ बाइट लागतात म्हणून ७० कोडपॉइंट. संदेश लांबला की प्रत्येक भागात ६ बाइटचं शीर्षक जातं आणि मराठीसाठी ६७ उरतात. ७१ वा कोडपॉइंट आला की दोन संदेशांचे पैसे. इथे दृश्य अक्षरं मोजून उपयोग नाही, यूटीएफ-१६ चे तुकडेच मोजायला हवेत. आणि मजकूर छोटा करताना कुठेही कापू नका: ‘शिक्षण’चे पहिले चार कोडपॉइंट घेतले तर ‘शिक्’ उरतं. आधी मर्यादेपर्यंतचे तुकडे मोजा, मग तिथून मागे येत जवळच्या ग्राफीमच्या सीमेवर कापा. जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर हे देतो. फायरफॉक्समध्ये तो २०२४ च्या १२५ व्या आवृत्तीत आला, म्हणजे आता सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. जावात ब्रेक-इटरेटर आहे, पण त्याने ग्राफीमचे पूर्ण नियम जावा २० पासून पाळायला सुरुवात केली.

दऱ्या आणि दर्या

आता खास मराठीचं दुखणं. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कोणता कीबोर्ड काय घालतो यावर सगळं अवलंबून. आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करायची पद्धत, एनएफसी असो वा एनएफकेसी, या दोन्हींना एक मानत नाही. शोधात एक प्रकार टाइप केला तर दुसरा सापडत नाही.

त्याहून वाईट म्हणजे डेटा ‘स्वच्छ’ करणाऱ्या स्क्रिप्ट. ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’ ही ओळ त्यांत हमखास असते. जोडक काढला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र. दोन्ही खरे शब्द असल्याने शुद्धलेखन तपासणारं साधनही ओरडत नाही.

‘ॲप’ची तर तीन रूपं आहेत. ‘ॲ’ हा स्वतंत्र कोडपॉइंट २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये आला. त्याआधीचे लोक ‘अ’वर अर्धचंद्र देत, किंवा हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरत. तिन्ही आजही चालू आहेत आणि नॉर्मलायझेशन यांनाही जोडत नाही.

त्यामुळे शोधासाठी वेगळी की बनवावी आणि मूळ मजकुराला हात लावू नये. क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम एनएफसी करा. ‘र’ आणि नुक्ता वेगळे लिहिले असतील तर ते ‘ऱ’ होतात. मग र, हलंत, जोडक हा क्रम जिथे असेल तिथे ‘ऱ’ आणि हलंत घाला. त्यानंतरच उरलेले जोडक आणि विलगक काढा. मग ‘अ’वरचा अर्धचंद्र आणि ‘ऍ’ दोन्ही ‘ॲ’कडे वळवा. नुक्ते काढायचे असतील तर अगदी शेवटी. ‘क़’, ‘ज़’ यांसारखी नुक्त्याची अक्षरं एनएफसीनंतरही दोन कोडपॉइंटमध्येच असतात, त्यामुळे सुटा नुक्ता पुसणं पुरतं. पण कुणी आधी एनएफडी (जोडलेली चिन्हं सुटी करणारं नॉर्मलायझेशन) करून नुक्ता पुसला, तर ‘ऱ’चा ‘र’ होऊन आपण पुन्हा दर्याकाठी.

एनएफडी करून एम-एन वर्ग पुसायची रीत फ्रेंच, स्पॅनिशमधले स्वरचिन्ह काढायला जन्मली. यूआरएलसाठी स्लग, म्हणजे पत्त्यातलं शीर्षक, बनवणाऱ्या आणि शोधाची की बनवणाऱ्या पुष्कळ कोडमध्ये ती आहे. तिच्यातून ‘पुणे’ गेलं की ‘पण’ बाहेर येतं. ‘मुंबई’ची ‘मबई’, ‘नागपूर’चं ‘नागपर’. गूगलच्या बहुभाषिक बर्ट या भाषा-मॉडेलच्या अनकेस्ड (कॅपिटल आणि लहान अक्षरांत फरक न करणाऱ्या) आवृत्तीत हीच पायरी आहे. मराठीसाठी बर्ट घ्यायचं तर केस्ड आवृत्तीच घ्या.

भाषा-मॉडेलांच्या टोकनायझरमध्येही मूळ चूक तीच निघाली. ओपनएआयच्या जीपीटी-२ आणि जीपीटी-४ च्या टोकनायझरमध्ये मजकूर आधी एका रेग्युलर एक्स्प्रेशनने तोडला जातो, आणि त्यात शब्द म्हणजे फक्त एल वर्ग. प्रत्येक मात्रेपाशी तुकडा पडतो आणि त्या सीमेपलीकडे टोकन जोडलंच जात नाही, कितीही मराठी मजकूर प्रशिक्षणात घातला तरी. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओसोबत आलेल्या टोकनायझरमध्ये एम वर्ग आत घेतला गेला आणि शब्दसंग्रहही वाढला. कंपनीनेच दिलेल्या मराठी नमुन्यात टोकन ९६ वरून ३३ वर आले. एपीआयचं बिल टोकनवर असतं. म्हणजे त्याआधी मराठी वापरणारा तेवढ्याच मजकुरासाठी जवळपास तिप्पट पैसे मोजत होता आणि कॉन्टेक्स्टमध्ये त्याचा एक तृतीयांशच मजकूर मावत होता. ‘एम’ हे एक अक्षर नमुन्यात लिहायचं राहिलं, त्याचाही या खर्चात वाटा होता. तंत्रज्ञान उद्योगाबद्दल माझा राग इथे आहे. हे ज्ञान कुठे दडलेलं नव्हतं. पायथनच्या नोंदवहीत ते कित्येक वर्षं आधी लिहिलेलं होतं. मराठी मजकूर चाचणीत नसतो, म्हणून ते कुणाला लागलं नाही.

अंक आणि क्रम

मराठी लोकेलचे, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगचे, मुळातले अंक देवनागरी आहेत. हिंदीचे तसे नाहीत. म्हणून हिंदीवर चाचणी करून ‘भारतीय भाषा झाल्या’ असं म्हणता येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये मराठी-भारत लोकेल देऊन आकडा छापा, ‘१२,३४,५६७’ मिळेल. पडद्यासाठी उत्तम. पण अँड्रॉइडवर फोनची भाषा मराठी असताना लोकेल न देता स्ट्रिंग-फॉरमॅट वापरलं की अक्षांशाचं ‘१९.०७’ होतं आणि तेच सर्व्हरकडे जातं. सर्व्हरला तो आकडा वाटत नाही. माणसाला दाखवायचं ते फोनच्या लोकेलने, यंत्राला पाठवायचं ते लोकेल-रूटने. तारखांनाही हाच नियम. अँड्रॉइड स्टुडिओ याबद्दल डिफॉल्ट-लोकेल नावाचा इशारा देतो, तो बंद करू नका.

उलट दिशेने, पायथनचा इंट आणि जावाचा पार्स-इंट ‘१२३’ निमूट वाचतात. गो, रस्ट आणि जावास्क्रिप्ट वाचत नाहीत. पायथनमध्ये बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही पकडतं, त्यामुळे मोबाइल क्रमांकाची तपासणी पास होते आणि पुढची सिस्टीम तो नाकारते. फॉर्ममध्ये देवनागरी अंक नाकारू नका. आत आल्याबरोबर इंग्रजी अंकांत बदला आणि मग तपासा.

क्रमाचं थोडक्यात. कोडपॉइंटने लावलेला क्रम ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये बसवतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. ‘क्षमा’ ‘क’च्या शब्दांच्या अखेरीस जाते. सीएलडीआर या युनिकोडच्या भाषावार नियमसंग्रहातल्या मराठी नियमात ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम आहे. पायथनमध्ये पाय-आयसीयू, जावास्क्रिप्टमध्ये इंटल-कोलेटर आणि पोस्टग्रेसमध्ये एमआर-एक्स-आयसीयू हे कोलेशन (क्रम लावायचा नियम) वापरलं की तो मिळतो. काही शब्दकोश ‘क्ष’ला ‘क’मध्येच ठेवतात, तसं हवं असेल तर हे नियम चालवणाऱ्या आयसीयू लायब्ररीला स्वतःचा नियम देता येतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये मराठी लोकेल २०१९ च्या १३ व्या आवृत्तीपासून सोबतच येतं.

फाइल उघडतानाचा एक जुना काटा अजून टोचतो. विंडोजवर पायथनमध्ये एनकोडिंग न सांगता फाइल उघडली तर ती बहुधा सीपी-१२५२ या जुन्या रोमन एनकोडिंगमधली समजली जाते. जावात १८ व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत आहे, पायथनने ३.१५ पासून तसं करायचं ठरवलं आहे. तोवर प्रत्येक ठिकाणी एनकोडिंग लिहा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-८-सिग वापरा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा खच दिसतो.

जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर हे याहून वेगळं प्रकरण. तो आतून रोमन कोडच असतो, फक्त फाँट मराठी चित्रं दाखवतो. तो युनिकोडमध्ये आणताना बदलांची यादी लांब क्रमापासून लहान क्रमाकडे लावा, नाहीतर जोडाक्षरांचे तुकडे आधीच बदलले जातात. मग पहिली वेलांटी पुढच्या पूर्ण जोडाक्षराच्या नंतर न्या, कारण युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने येते. रफार उलट मागून पुढे आणा. या पायऱ्यांत गडबड झाली तरी ‘वर्गणी’ बरोबर येऊ शकते, पण वेलांटी आणि रफार दोन्ही असलेला ‘आर्थिक’सारखा शब्द तपासल्याशिवाय चूक सापडत नाही.

कोणत्याही प्रकल्पात चाचणीसाठी हे शब्द ठेवा: मोहन, पुणे, ज्ञानेश्वर, आर्थिक, दोन्ही प्रकारे लिहिलेलं ‘दऱ्या’, तिन्ही प्रकारांचं ‘ॲप’, ‘काळ’ आणि ‘काव’ ही क्रमासाठी जोडी, १२,३४,५६७, आणि एक इमोजी. ते नोंदणीच्या फॉर्ममधून आत घाला, डेटाबेसमध्ये जाऊ द्या, शोधा, क्रम लावा, कापा, सीएसव्हीत काढा आणि परत वाचा. प्रत्येक टप्प्यावर आत गेलेले आणि बाहेर आलेले कोडपॉइंट जुळवा. नुसतं पडद्यावर बघून ‘बरोबर दिसतंय’ म्हणू नका. ‘दऱ्या’ची दोन्ही रूपं पडद्यावर सारखीच दिसतात.